ग्रीस, चवीनुसार

गाडी स्टँडवर चढलेली असते, चाक भिंतीला टेकलेलं असतं, एक्सल जुन्या वर्तमानपत्रावर आडवा पडलेला असतो आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे असतात. नेमक्या याच मुहूर्तावर प्रश्न पडतो, ग्रीस किती घालायचं? आधी का पडला नाही, असं विचारू नये. आधी हात स्वच्छ होते, गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडता आलं असतं, म्हणून नाही पडला.

‘एक्सलचा बूट बदलणे’ हे या कामाचं नावच फसवं आहे. एक्सल म्हणजे गिअरबॉक्समधला जोर चाकाकडे नेणारा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना वाकणारे जॉइंट. बूट म्हणजे जॉइंटवर चढवलेला, आतलं ग्रीस धरून ठेवणारा, बाजाच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी तुकडा. तो बदलायला थोडा वेळ लागतो, त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा दिवस. हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमध एक्सल धरणारा, नट चाकं जमिनीवर असतानाच सैल करायचा, नाहीतर पाना फिरवला की नटाऐवजी चाकच फिरतं. मग सस्पेन्शनचा खालचा बॉल जॉइंट सोडवायचा (हा वेगळा, एक्सलचा नव्हे). गिअरबॉक्समधून एक्सल ओढला की तिथून तेल येणार, म्हणून खाली भांडं ठेवायचं. हे सगळं अंगमेहनतीचं काम, आणि अंगमेहनतीत माणूस रमतो. ग्रीसपाशी मात्र जोर चालत नाही, तिथे माप लागतं, आणि माप म्हटलं की आपला चेहरा पडतो.

आधी जुनं ग्रीस चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा. कचकच लागली तर फाटलेल्या बुटातून माती आत गेलेली आहे, तेव्हा जॉइंट पूर्ण उघडून धुवा. उघडण्याआधी आतली कडी, पिंजरा आणि बाहेरची वाटी यांच्यावर खुणा करा. छर्रे ज्या खाचेतून निघाले त्याच खाचेत परत गेलेले बरे, इतकी वर्षं घासून त्यांची जोडी जमलेली असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना आधीपासूनच ‘कट कट कट’ ऐकू येत असेल, तर खाचा झिजल्या आहेत. ग्रीस घालून लोखंड परत उगवत नाही, अशा जॉइंटला नवा बूट म्हणजे पेशंट गेल्यावर आणलेलं टॉनिक.

धुतल्यावर जॉइंट कोरडा ठणठणीत करा. आत राहिलेलं डिझेल किंवा रॉकेल नव्या ग्रीसला पातळ करतं, आणि महिनाभराने ते ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ठिपक्यांची कमान काढून स्वतःची जाहिरात करतं.

आता कुठलं ग्रीस? इथे रंगाचे जाणकार भेटतात. ‘लाल म्हणजे भारी’, ‘निळं म्हणजे गरम जागेचं’, ‘हिरवं बेरिंगचं’. लाल, निळा, हिरवा हे कारखान्यात घातलेले रंग आहेत, त्यावरून ग्रीसचा स्वभाव कळत नाही. काळ्यावरही भिस्त ठेवू नका, मॉलिब्डेनम डायसल्फाइड काळं आणि ग्रॅफाइटही काळं. डब्यावरची बारीक अक्षरं वाचावीच लागतात.

चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनमवालं सीव्ही ग्रीस (एक्सलच्या अशा जॉइंटांसाठीचं) लागतं. आत सहा छर्रे वाकड्या खाचांतून घरंगळतात आणि घरंगळताना घसरतातही. छर्रा टेकतो ती जागा टिचभर, आणि त्या टिचभर जागेवरून इंजिनाचा सगळा जोर चाकाकडे जातो. तिथे तेलाचा थर पिळून निघाला तरी मॉलिब्डेनमचे चपटे कण मध्ये आडवे पडून लोखंडाला लोखंड लागू देत नाहीत. हा जॉइंट 1920च्या दशकात आल्फ्रेड शेप्पा यांनी शोधून काढला. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला आर आणि झेड ही दोन अक्षरं आहेत, पण उच्चारात आर गप्प बसतं. जॉइंटनेही तसंच गप्प बसावं एवढीच माफक अपेक्षा.

गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट बहुतेक लहान गाड्यांत वेगळ्या घराण्याचा असतो. सुयांच्या बेरिंगवर फिरणारे तीन रोलर, आणि एक्सलची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून आत-बाहेर सरकण्याची सोय. हे सरकणं अडखळलं की वेग घेताना गाडी कापरं भरल्यासारखी थरथरते. म्हणून इथे अनेकदा कमी घर्षणाचं, पॉलियुरिया जातीचं ग्रीस सांगितलेलं असतं. नव्या बुटाच्या किटमध्ये ग्रीसच्या दोन पुड्या निघाल्या तर त्या ‘एक वापरायला, एक राखीव’ अशा नसतात. एक आतल्याची, एक बाहेरच्याची. लिथियमचं ग्रीस पॉलियुरियात मिसळलं तर दोघं भांडून पातळ होऊन बसू शकतात, म्हणून ‘जुनं चांगलं दिसतंय, वरून नवं घालू’ हा काटकसरीचा विचार मनातच ठेवा.

डब्यावरच्या ‘एनएलजीआय 2’ या आकड्याने बऱ्याच जणांचा घोळ होतो (एनएलजीआय ही ग्रीसची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था). तो दर्जा नाही, घट्टपणा आहे. घोटलेल्या ग्रीसमध्ये 25 अंश तापमानाला धातूचा एक शंकू पाच सेकंद सोडतात आणि तो किती रुतला ते मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. 265 ते 295 रुतला तर 2 नंबर, 310 ते 340 रुतला तर 1 नंबर. म्हणजे आकडा वाढेल तसं ग्रीस हट्टी होतं. ‘2 चांगलं तर 3 आणखी चांगलं’ म्हणून 3 नंबर भरलं, की छर्रे त्यात आपल्यापुरती वाट कोरतात, बाजूचं ग्रीस त्या वाटेत परत येत नाही आणि भरलेल्या बुटात जॉइंट कोरडा मरतो.

माप. लहान गाडीच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण 80 ते 120 ग्रॅम, आतल्याला पोकळी मोठी म्हणून बहुधा त्याहून जास्त. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. ‘बसेल तेवढं’ हे एकक त्यात नसतं. बूट गच्च भरला तर वळणावर घड्या मिटायला जागाच उरत नाही. त्यात गरम झालेलं ग्रीस फुगतं, बुटाच्या कडेच्या ओठाखालून बाहेर ढकलतं आणि एखाद्या दिवशी बूट आवळणाऱ्या क्लॅम्पसकट बूट सरकवतं. उलट कंजूषपणा केला तर फिरणाऱ्या एक्सलमुळे होतं-नव्हतं ते बुटाच्या भिंतीला जाऊन चिकटतं.

मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा उत्तम, घरात चर्चा न करता आणता आला तर. भरलेली ट्यूब वजन करा, ग्रीस घाला, रिकामी होत आलेली ट्यूब परत वजन करा, फरक तो तुमचा. मात्र हातमोज्यावर, पान्यावर आणि कपाळावर गेलेलं या फरकात मोजलं जातं, ते अंदाजाने परत घाला. पुडी असेल तर तळापासून टूथपेस्टसारखी गुंडाळत आणा, नाहीतर दहाएक ग्रॅम कोपऱ्यात लपून बसतं. ग्रीस गनचे दट्टे मोजणाऱ्यांनी आधी दहा दट्टे कागदावर काढून वजन करावं. बऱ्याच हातगन दट्ट्याला ग्रॅमभर देतात, पण प्रत्येकीचं मन वेगळं. काटा नसेल तर टोक कापलेली 60 मिलिलिटरची सिरिंज घ्या. ग्रीस पाण्यापेक्षा हलकं असल्याने तीत साधारण 54 ग्रॅम मावतं, म्हणजे 100 ग्रॅमला दोन सिरिंजा जराशा कमी.

घालण्याचीही रीत आहे. निम्म्याहून जास्त जॉइंटमध्येच गेलं पाहिजे. मधल्या दातेरी भोकात नळी घट्ट धरून दाबत राहा, छर्ऱ्यांच्या कडेने ग्रीस डोकावू लागलं की आतली हवा निघाली. उरलेलं बुटात. सगळं बुटात ओतून ‘फिरताना जाईल आत’ म्हणणाऱ्याने, ते फिरताना बाहेर जातं हे आठवावं.

आणि जॉइंट ठोकून बसवण्याआधी एक्सलकडे एकदा नीट पाहा. लहान क्लॅम्प चढवला? बूट चढवला, दातांवर चिकटपट्टी गुंडाळून? जॉइंट एक्सलवर अडकवणारी जुनी सर्क्लिप (स्प्रिंगची कडी) काढून नवी घातली? सर्क्लिप ‘टक्’ करून बसल्याच्या दुसऱ्याच क्षणी क्लॅम्प टेबलावर चमकताना दिसतो, हा या कामातला सर्वात शांत क्षण.

बुटाचे ओठ बसतात त्या खोबणी कापडाने कोरड्या पुसा, ग्रीसवर क्लॅम्प धरत नाही. जॉइंट सरळ ठेवून लहान ओठाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घाला आणि फुस्स होऊ द्या. कोंडलेली हवा बूट फुगवते, कमी पडलेली हवा घड्या आत ओढते, आणि ओढलेली घडी स्वतःवरच घासून फाटते. मग क्लॅम्पचा कान पकडीने पिळा, बूट हाताने फिरणार नाही इतपत, रबर कापेल इतका नाही.

थोडी गाडी चालवून आलात की वाकून दोन्ही क्लॅम्पच्या कडा पाहा. ओलसर रेघ नसेल तर वजनकाटा परत जागेवर ठेवायला हरकत नाही. फक्त आधी तो उलटा करून बघा. खाली तीनेक ग्रॅम ग्रीस लागलेलं असतं. ते कुठल्या जॉइंटमधून वजा धरायचं, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही.