पिवळा झेंडा कोणासाठी पिवळा?

फॉर्म्युला वनच्या २०२४ च्या कतार ग्रांप्रीत लँडो नॉरिसवर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांशी मी अजूनही भांडतो. डबल यलो (दोन पिवळे झेंडे) लागलेले असताना गडी वेग कमी न करता सरळ निघून गेला. दहा सेकंदांची स्टॉप-गो (पिटमध्ये येऊन तेवढा वेळ उभं राहायची शिक्षा) बसली, दुसऱ्या नंबरवरून थेट दहावा. बरोबरच झालं. डबल यलो म्हणजे पुढे ट्रॅकवर काहीतरी पडलंय, कदाचित मार्शल (ट्रॅकवरचा मदतनीस) उभा आहे, थांबायची तयारी ठेवा. २०१४ साली सुझुकाला याच झेंड्यांखाली जूल्स बियांकी पावसात घसरला आणि दुसऱ्याची गाडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळला. पुढच्या जुलैत तो गेला. इथे दयामाया नकोच.

पण मग ती सगळ्यांना नको. हंगेरी २०१६, क्वालिफाइंग (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) : अलोन्सोची गाडी फिरलेली, डबल यलो, आणि रोझबर्गने त्याच लॅपवर पोल (सुरुवातीची पहिली जागा) मारली. ‘वेग कमी केला होता’ हे स्ट्युअर्ड्सना (शर्यतीच्या पंचांना) पटलं, विषय संपला. मेक्सिको २०१९ : बोटास शेवटच्या वळणावर भिंतीत, व्हर्स्टॅपन तसाच सुसाट. स्ट्युअर्ड्स गप्प. पत्रकार परिषदेत व्हर्स्टॅपन साहेबांनी स्वतःच कबूल केलं तेव्हा कुठे चौकशी लागली आणि सुरुवातीच्या रांगेतल्या तीन जागा गेल्या. तोंड मिटून बसला असता तर?

एकदा पकडलं की शिक्षेचं माप बऱ्यापैकी ठरलेलं असतं, हे मान्य. २०२१ ला कतारमध्ये क्वालिफाइंगमध्येच डबल यलोसाठी व्हर्स्टॅपनच्या पाच जागा गेल्या, साध्या (एकाच झेंड्याच्या) यलोसाठी बोटासच्या तीन. गोंधळ आहे तो कोणाला तपासायचं आणि अॅक्सिलरेटरवरून किती पाय उचलला म्हणजे पुरे, यात. प्रत्येक गाडीचा डेटा हाताशी असतो ना? मग यलो लागला की त्या टप्प्यातून गेलेल्या प्रत्येकाचा वेग आपोआप तपासा आणि आकडे जाहीर करा.

आणि रेस कंट्रोलचं, म्हणजे झेंडे लावणाऱ्या-काढणाऱ्या नियंत्रण कक्षाचं, काय? नॉरिसच्या वेळी सरळ रस्त्यावर अल्बनच्या गाडीचा आरसा पडला होता. यलो काढले, आरसा तिथेच! बोटासच्या गाडीखाली त्याचा चुरा झाला, हॅमिल्टन आणि साइन्झचे टायर फुटले, मग सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली.

२०२२ ला सुझुकातच गॅसली भर पावसात ट्रॅक्टरच्या शेजारून गेला. लाल झेंड्याखाली, म्हणजे शर्यत थांबवलेली असताना, ताशी २०० किमीच्या वर पळाला म्हणून त्याला २० सेकंदांची शिक्षा आणि लायसन्सवर दोन पेनल्टी पॉइंट. चूक त्याचीही होतीच. ट्रॅक्टर इतक्या लवकर पाठवायला नको होता हे एफआयएने (खेळाच्या जागतिक संघटनेने) नंतर मान्य केलं, रेस डायरेक्टरही बदलला. गॅसलीचे पेनल्टी पॉइंट मात्र तसेच राहिले.