कडेवरचे मूल आणि दगडाचा पत्ता

दिवाळी झाली की आईच्या फोनमध्ये गावातले कोण कोण ऊसतोडणीला कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेले याची यादी असते, आणि मराठी वृत्तपत्रांत बीडचे स्थलांतर कसे थांबवावे यावर लेख येऊ लागतात. सिंचन हवे, उद्योग हवेत, हे मान्यच आहे. तरी या लेखांत चालत जाणे हाच रोग मानला जातो, हे मला पटत नाही.

प्रागैतिहासिक माणसे किती दूर फिरली हे त्यांच्या दगडी हत्यारांवरून शोधणे, हा माझा व्यवसाय. येथे न्यू मेक्सिकोत हेमेझ पर्वताची ज्वालाकाच (ऑब्सिडियन, ज्वालामुखीच्या लाव्हातून बनलेली नैसर्गिक काच) क्ष-किरणांखाली धरली की तिच्यातील सूक्ष्म मूलद्रव्यांवरून ती कोणत्या उद्रेकातली हे बहुधा कळते. आपल्याकडे तसे होत नाही. 1865 साली पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या गाळात अकीकाची एक कपची मिळाली होती. पण अकीक दख्खनच्या काळ्या पाषाणात जागोजागी सापडतो आणि त्याचे गोटे नदीही वाहून आणते, त्यामुळे माणूस चालला की गोदावरी, हे कपचीला विचारून उपयोग नसतो. शिवाय पत्ता लागलेला दगडही हातोहात गेलेला असू शकतो.

पाऊलखुणांचे तसे नसते. न्यू मेक्सिकोतच व्हाइट सँड्स येथील चिखलात उमटलेली, दहा हजार वर्षांहून जुनी, सुमारे दीड किलोमीटरची पाऊलखुणांची एक वाट 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. बहुधा एक तरुणी, कडेवर लहान मूल, झपझप चाललेली. मध्येच मूल खाली टेकवलेले. नंतर त्या खुणांवरून मॅमथ गेला, महाकाय स्लॉथही गेला; दोन्ही आता नामशेष झालेले प्रचंड प्राणी.

ती का निघाली, हे चिखलात उमटलेले नाही. तिने उचल घेतली नव्हती, एवढे मी सांगू शकतो. ऊसतोडणीला जाणारे जोडपे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते आणि फिटेपर्यंत बांधले जाते. आजारपणात खाडा पडला तरी पैसे कापले जातात. वाईट आहे ते हे. मीही कंत्राटी नेमणुकांवर तीन विद्यापीठे फिरलो, त्याला मात्र सगळे करिअर म्हणतात, कारण नको असती तर ती नोकरी मी सोडू शकत होतो.

व्हाइट सँड्सची ती व्यक्ती त्याच वाटेने परतली, पण परतीच्या खुणांत मूल नाही. शेजारच्या वहिनी यंदा धाकटीला आजीजवळ ठेवून गेल्या, असे आईने परवा सांगितले.