स्रेब्रेनिकात नकाराधिकार आडवा आला नव्हता

‘नकाराधिकारामुळे स्रेब्रेनिका वाचवता आलं नाही’ हे लेखातलं विधान चूक आहे. नकाराधिकार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कायम सदस्यांना असलेला ठराव रोखण्याचा अधिकार; आणि स्रेब्रेनिका हे बोस्नियाच्या युद्धात बोस्नियन सर्ब सैन्याने वेढलेलं गाव. परिषदेच्या ठरावांची तर तिथे रेलचेल होती. एप्रिल १९९३ मध्ये ८१९ क्रमांकाच्या ठरावाने ते ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर झालं, जूनमध्ये ८३६ ने बळाच्या वापराची मुभाही दिली. पण शब्दयोजना बघा: हल्ल्यांना ‘धाक बसवणे’ एवढंच शांतिसैनिकांचं काम, तेही स्वसंरक्षणाच्या चौकटीत. सहा सुरक्षित क्षेत्रांसाठी सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील असा हिशेब सुरक्षा परिषदेपुढे होता. मंजूर झाले ७,६००. नकाराधिकार काढून टाकला असता तरी यात एका शिपायाची भर पडली नसती!

दुसरी गोम ‘दुहेरी किल्ली’ची, तिचा लेखात उल्लेखच नाही. विमानहल्ल्यासाठी संयुक्त राष्ट्रं आणि नाटो अशा दोघांचाही होकार लागायचा. जुलै १९९५ मध्ये हलक्या शस्त्रांनिशी उभ्या असलेल्या काहीशे डच शांतिसैनिकांनी वारंवार हवाई मदत मागितली. बॉम्ब पडले ते ११ जुलैच्या दुपारी, मोजकेच. त्याच दिवशी गाव पडलं आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले.