हवाईचा बोर्ड ओबडधोबड नव्हता

“जुने हवाई लोक ओंडका फाडून केलेल्या जड फळीवर कसेबसे तरंगायचे. खरा सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर स्वार व्हायची फळी, फोम आणि फिन (तळाला लावलेली माशाच्या परासारखी उभी पट्टी) आल्यावर जन्मला, मग छोटा होत होत सुधारत गेला आणि आता तर तो मशीनच बनवतं.” अशा अर्थाची एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. यातली चारही विधानं चुकीची आहेत. पहिल्याने तर एका अख्ख्या कारागिरीवर अन्याय होतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलतो.

हवाईत बोर्ड एका प्रकारचा नव्हताच. पोटावर झोपून जायला छोटा पायपो, लाटेवर उभं राहायला पातळ अलाइआ आणि सरदारांसाठी लांबलचक ओलो. लाकूडही पारखून घेतलेलं असायचं. अलाइआला कोआ किंवा आपल्या कोकणातल्या नीरफणसाचं, ओलोला विलीविलीचं. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचाच भाऊबंद. ज्याने पांगाऱ्याचं लाकूड हातात घेतलंय, त्याला ते किती हलकं असतं हे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या नोंदींत कामाची पद्धत लिहिलेली आहे. झाड तोडण्याआधी मुळाशी कुमू हा तांबडा मासा ठेवायचा, दगडी वाकसाने लाकूड तासायचं, तासल्याच्या खुणा प्रवाळाच्या खडबडीत तुकड्याने घासून काढायच्या, कुकुईच्या बियांच्या कोळशासारख्या गोष्टींनी काळा रंग चढवायचा. पाण्यातून आणलेला बोर्ड वाळवून, खोबरेल चोळून, ‘तापा’ या झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवायचे. ओबडधोबड वस्तूची इतकी निगा कोण राखतं?

होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आबनेर पाकी या सरदाराचे ओलो आहेत. १९२०च्या दशकात अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकने त्यांची डागडुजी केली आणि त्यांच्या प्रतिकृती करता करताच तो पोकळ बोर्डापर्यंत पोचला. ‘आधुनिक’ बोर्ड जुन्याकडूनच शिकला, तो असा.

फिनचं म्हणाल, तर तीही ब्लेकनेच १९३५मध्ये लावली, बोर्ड लाकडी होते तेव्हा. तिने पकड आणि वळण सोपं झालं, हे खरंच. पण फिन पाण्यात अडते, त्यामुळे वेग थोडा खाते. अलाइआला फिन नसते, तो आपल्या कडेनेच लाट धरून राहतो. २०००नंतर ऑस्ट्रेलियात टॉम वेगनरने पॉलोनियाच्या लाकडातून अलाइआ पुन्हा घडवले, तेव्हा बिनफिनीच्या त्या फळीचा वेग बघून मुरलेले सर्फरही चकित झाले.

‘छोटा म्हणजे प्रगत’ हे १९६७च्या आसपास बोर्ड झपाट्याने आखूड झाले, तेव्हापासून चिकटलेलं मत आहे. मोठी लाट जास्त वेगाने येते, ती पकडायला हाताने पाणी मारून आधीच वेग घ्यावा लागतो, आणि तो लांब बोर्डावरच मिळतो. म्हणून हवाईतल्याच वाइमियाच्या अजस्र लाटांसाठी नऊ-दहा फुटी ‘गन’ लागते. तिथल्याच वायकिकी किनाऱ्याच्या संथ लाटेवरही लांब बोर्डच गोड चालतो. बोर्डाचं माप लाट आणि माणूस बघून ठरतं. ऑस्ट्रेलियन सर्फर मार्क रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ सलग चार जगज्जेतेपदं जिंकली, ती दोन फिनींचे बोर्ड वापरून. तसाच दोन फिनींचा बोर्ड त्याच्याच देशाच्या, थोराड बांध्याच्या सायमन अँडरसनच्या पायाखालून मात्र निसटायचा. त्याने मधे तिसरी फिन बसवली आणि १९८१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आज बहुतेक छोट्या बोर्डांवर दिसणाऱ्या तीन फिनी आल्या, त्या अशा एका माणसाच्या गरजेतून.

राहिलं मशीन. ते फोमचा ठोकळा कापतं, पण त्यावर नांगरटीसारख्या बारीक रेघा राहतात. त्यानंतर शेपर, म्हणजे बोर्डाला आकार देणारा कारागीर, गडद रंगाच्या खोलीत बोर्ड स्टँडवर ठेवतो. दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला ट्यूबलाइट असतात, आडव्या उजेडात जरासा उंचवटाही सावली टाकतो. ती सावली बघत, तळहात फिरवत, कडेची गोलाई पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंना सारखी आणायची असते. पुढचं ग्लासिंग तर पोस्टवाल्यांच्या गावीही नाही. फायबरग्लासचं कापड अंथरायचं, रेझिन ओतायचं आणि ते घट्ट व्हायच्या आत रबरी पट्टीने सारखं पसरवायचं. कमी पडलं तर कापड कोरडं राहतं, जास्त झालं तर बोर्ड जड होतो. पॉलिस्टर रेझिन चुकून थर्माकोलसारख्या फोमवर पडलं, तर फोम विरघळून जातो, तिथे इपॉक्सीच लागतं. हे सगळं अजूनही माणसंच करतात, नाकाला मास्क बांधून, हातात पट्टी धरून.