‘कॅथलिक ख्रिस्ती नाहीत’: चार मुद्दे, चारही कच्चे

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, आशय तोच: कॅथलिक मंडळी, म्हणजे चर्च, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 साली निकिया इथल्या धर्मसभेत स्थापन केली, 1546 साली त्यांनी बायबलमध्ये सात पुस्तकं घुसवली, ते मरियेची उपासना करतात, आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी मिळतं असं मानतात. सबब ते ख्रिस्ती नाहीत. मी स्वतः प्रॉटेस्टंट, पोपचा अधिकार मला मान्य नाही. तरी हा मजकूर आपलीच माणसं डोळे मिटून पुढे पाठवतात याची लाज वाटते.

कॉन्स्टंटाइनचं प्रकरण लवकर आटपू. मंडळीसाठी ‘कॅथलिक’, म्हणजे सार्वत्रिक, हा शब्द अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस याने स्मुर्णा शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात येतो. ते पत्र निकियाच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचं. निकियाची धर्मसभा सम्राटाने बोलावली हे खरं, पण तिथला मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा होता: पुत्र, म्हणजे येशू, पित्यासारखाच अनादी, की पित्याने निर्माण केलेला? रोमचा बिशप सिल्व्हेस्टर तर गेलाही नाही, त्याने प्रतिनिधी पाठवले. आणि या तथाकथित संस्थापकाने 337 साली मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला, तोही एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून! निकियाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, ल्यूथरन आणि अँग्लिकन हे प्रॉटेस्टंट पंथ आजही उपासनेत म्हणतात. निकिया रोमची मिरास असेल तर ते तो का म्हणतात?

सात पुस्तकांचा मुद्दा मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. तोबित, यहुदीथ, मक्काब्यांची दोन पुस्तकं वगैरे ग्रंथ जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरासोबत पहिल्या शतकांपासून मंडळीत वाचले जात. 393 साली हिप्पो आणि 397 साली कार्थेज इथल्या सभांच्या याद्यांत ते आहेत. 1442 साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेच्या यादीतही आहेत, म्हणजे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या जन्माच्या 41 वर्षं आधी. गुटेनबर्गने छापलेल्या बायबलमध्येही ते होते. 1546 साली ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मसभेने नवं काही घुसवलं नाही; वाद पेटला म्हणून जुन्याच यादीवर बंधनकारक शिक्का मारला.

पण पलीकडच्या बाजूनेही एक तितकीच खोटी गोष्ट सांगितली जाते, की ल्यूथरने ही पुस्तकं फाडून फेकली. त्याच्या 1534 च्या जर्मन बायबलमध्ये ती छापलेली आहेत, दोन करारांच्या मधे, वेगळ्या विभागात. पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, पण वाचायला उपयुक्त आणि चांगली, असं तिथे म्हटलं आहे. हा भेद त्याने हवेतून काढला नव्हता. चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनेही हिब्रू यादीबाहेरचे ग्रंथ बोधासाठी वाचावेत, सिद्धान्त ठरवायला नव्हे, असं म्हटलं होतं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही ते ग्रंथ होते. म्हणजे कुणी घुसवलं नाही आणि कुणी एका रात्रीत काढलंही नाही. खरी ठिणगी मजकुरात नाहीच: मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मृतांसाठी प्रार्थना आहे, आणि तिच्यामुळे शुद्धिस्थानाच्या, म्हणजे मरणानंतर आत्मा स्वर्गाआधी शुद्ध होतो या शिकवणीला आधार मिळतो. त्यावर भांडा की.

मरियेबद्दल. उपासना फक्त देवाची, प्रतिमांना आणि संतांना फक्त सन्मान, हा भेद 787 साली निकियाच्या दुसऱ्या सभेने स्पष्ट मांडला. कॅथलिक ज्या प्रार्थनेने जपमाळ ओढतात, तिचा पहिला अर्धा भाग बहुतांशी लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, गब्रिएल देवदूत आणि मरियेची नातलग अलीशिबा यांच्या तोंडचा. दुसऱ्या अर्ध्यात मागणी एकच: आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर. तिला ‘देवाची माता’ म्हणायला ल्यूथरचीही ना नव्हती. आता, सामान्य भाविकाच्या मनात हा भेद नेहमी टिकतो का? मला शंका आहे. शिवाय मरिया आईच्या गर्भात आल्या क्षणापासूनच मूळ पापापासून, म्हणजे सर्व माणसांना जन्मजात लागलेल्या पापापासून, मुक्त होती हे 1854 साली आणि ती सदेह स्वर्गात घेतली गेली हे 1950 साली सिद्धान्त म्हणून जाहीर झालं, त्याला शास्त्राचा पुरेसा आधार मला दिसत नाही. पण ‘तुमचा सिद्धान्त निराधार आहे’ आणि ‘तुम्ही मूर्तिपूजक आहात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

शेवटचा मुद्दा कर्मांचा. ट्रेंटच्या सभेने 1547 साली माणूस देवासमोर नीतिमान कसा ठरतो याविषयी जो निर्णय दिला, त्याचा पहिलाच नियम असा, की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो शापित असो. मजकूर त्यांच्या माथी जे मारतो, त्यालाच त्यांनी शाप दिला आहे! हो, त्याच निर्णयात माणूस ‘केवळ विश्वासाने’ नीतिमान ठरतो या आपल्या शिकवणीलाही शाप आहे, हे लपवायचं कारण नाही. पण 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्ग इथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि रोम यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि 2006 साली मेथडिस्टही त्यात सामील झाले. देव माणसाला नीतिमान जाहीर करतो की आतून नीतिमान करतो, यावरचा काथ्याकूट त्यानंतरही चालू आहे.

एवढं होऊनही ल्यूथरन माणसाला मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, सहसा ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) दिलं जात नाही. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे प्रॉटेस्टंट पाळकांची दीक्षा रोमला वैध वाटत नाही. प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा तिथे तुटली, असं ते मानतात. चार मुद्द्यांच्या त्या मजकुरात याचा एक शब्दही नाही.