वडापाव आणि लाइफटाइम सिम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकदाच पैसे भरून घेतलेल्या मावशीच्या ‘लाइफटाइम’ सिमला आता सारखा रिचार्ज का, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दूध महागलं, वडापाव महागला, मग फोन कंपनीनेच जुन्या दरात का राहायचं, असं तुम्ही विचारलंत. परवडत नसेल तर पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जा, म्हणालात. आणि ‘लाइफटाइम’चा पुरावाही मागितलात.

वडापाववाल्याने ‘आयुष्यभर याच भावात देईन’ म्हणून माझ्याकडून आगाऊ पैसे घेतलेले नाहीत. गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावशीकडून मात्र कंपनीने २००६ साली एकरकमी ९९९ रुपये घेतले होते. लाइफटाइम म्हणून विकलेल्या प्लॅनचे दर कंपनीचं लायसन्स असेपर्यंत वाढवायचे नाहीत, असं ट्रायनेही, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेही, त्याच वर्षी बजावलं होतं.

म्हणून दराला कोणी हातच लावला नाही. त्याऐवजी २०१८ च्या अखेरीस सिम चालू ठेवायलाच ठरावीक दिवसांनी रिचार्ज सक्तीचा झाला, नाहीतर येणारे फोनही बंद. मावशी परवापरवापर्यंत दर २८ दिवसांनी १९९ रुपये भरत होती. वर्षाचे १३ रिचार्ज, म्हणजे २५८७ रुपये. ती नेट वापरत नाही. बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग आणि बहिणींचे फोन, एवढंच.

मी तिला घेऊन कंपनीच्या दुकानात गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा नीट बोलला, ‘आजी, तो प्लॅन बंद झाला.’ तिने पिशवीतून सिमचं जुनं पाकीट काढलं. कडा झिजलेल्या, शाई उडालेली, पण ‘लाइफटाइम’ अजून वाचता येतं. ‘अरे, लाइफटाइम म्हणजे माझंच ना? मी तर आहे अजून.’ त्या पोराला काही बोलता येईना. मलाही. घरी येऊन तो लेख लिहिला.

पोर्ट करून जायचं कुठे? जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. शिवाय पोर्ट केलं की जुन्या प्लॅनवरचा हक्क आपणच सोडला.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. साध्या प्लॅनच्या दराला घेतल्यापासून सहाच महिने संरक्षण असतं, हे मी लिहायला हवं होतं. लेखात आता घातलंय. आणखी एक घातलंय: डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल-एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला लावले, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. कोणी आपणहून सांगत नाही, मागून घ्यावा लागतो. मावशीला आता तोच घेऊन दिलाय.

पाकिटाचा फोटो लेखाखाली जोडलाय. तिचा नंबर तेवढा झाकलाय.