टाळ कमी हाईत

"सर, एकदा कान तपासून घ्या की."

हे वाक्य मला बेळगावच्या खडे बाजारात, संध्याकाळच्या ऐन गर्दीत, बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोरानं ऐकवलं. तेही कुणाच्या तरी मोबाईलला टेम्पर्ड ग्लास चिकटवता चिकटवता, मान वर न करता. या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. बायको म्हणते सोडून द्या. सोडून द्यायला तिला कुठं कुणी कान तपासायला सांगितलेत?

मामला एवढाच. पोरगी पुण्यात नोकरीला आहे, तिनं दिवाळीला मला हेडफोन आणले. बिनवायरचे, अख्खा कान झाकणारे. ते घातले की मी विमान उतरवणाऱ्या माणसासारखा दिसतो. तिच्या फोनवर ऐकले तेव्हा कुमार गंधर्वांच्या मागचे तानपुरे वेगवेगळे ओळखू येत होते. ती पुण्याला गेली, मी तेच हेडफोन आमच्या क्रेडिट सोसायटीच्या लॅपटॉपला जोडले, आणि कुमारजी एकदम विहिरीत पडून गायला लागले. सुळेभावी इथून किती लांब? १९२४ साली आमच्या शेजारच्या गावात जन्मलेल्या माणसाचा आवाज माझ्याच घरात असा व्हावा, हे काही मला बघवेना. म्हणून दुकान गाठलं आणि सांगितलं, हेडफोन चांगले आहेत, पण कशाला जोडतो त्यावर आवाज बदलतोय.

पोरगं हसलं. "सर, ब्लूटूथ आहे हे. डिजिटल. एक म्हणजे एक, शून्य म्हणजे शून्य. फोन कुठलाबी असू दे, लॅपटॉप असू दे. आवाज हेडफोन करतोय." त्यानं स्वतःचा फोन जोडला, एक कन्नड सिनेमाचं गाणं लावलं आणि हेडफोन माझ्या डोक्यावर घातले. मला विचारलंही नाही, शाळेत डोक्यावर टोपी घालतात तसे घातले. आवाज उत्तम होता. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं, तिथंच चुकलो. त्यानंतर ते कानाचं वाक्य आलं.

आणि तेवढ्यात मामा बोलले.

मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर कधीपासून बसले होते देव जाणे. वडगावचे. बटणाच्या फोनला बॅटरी घ्यायला आलेले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी. चाळीस वर्षं मागावर काढलेली. हे त्यांनी पुढच्या दहा मिनिटांत चार वेळा सांगितलं, आणि दरवेळी समोरचा माणूस गल्लीच्या पलीकडच्या टोकाला उभा असल्यासारखं सांगितलं. पॉवरलूमच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेला माणूस हळू बोलू शकत नाही.

"मास्तर म्हणतायत ते बरोबर हाय," मामा म्हणाले. मी मास्तर नाही, सोसायटीत हेडक्लार्क आहे. पण त्या क्षणी बाजूनं बोलणारा हा एकटाच माणूस होता, म्हणून मी मास्तर झालो.

"वायरीतनं आवाज येतोय तो सरळ येतोय. हवेतनं आला की वाळतोय."

"वाळतोय?" पोरगं म्हणालं.

"उन्हाळ्यात वाळतोय. पावसाळ्यात भिजतोय."

"मामा, आवाज काय मिरची आहे काय वाळायला?"

"हसू नको. फोन कुठं असतोय? खिशात. टोपडं कुठं? डोक्यावर. मधी काय?" मामांनी माझ्या पोटावर पिशवीसकट हात ठेवला. मेथी ओली होती. "मधी हे. ह्यात काय असतंय? पाणी. पाण्यातनं आवाज कसा येईल?"

आता सांगायला लाज वाटते, पण हे मी नंतर ताडून पाहिलं आणि मामांचं निम्मं खरं निघालं. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच आसपास चालतो. माणसाचं शरीर बरंचसं पाणीच. मागच्या खिशातला फोन आणि डोक्यावरचा हेडफोन यांच्यामध्ये माझ्यासारखा भरीव माणूस आला की संदेश अडखळतो, आवाज तुटतो. वाळत मात्र नाही.

पण मामा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. "आण हिकडं," म्हणाले आणि हेडफोन मागून घेतले. टोपी न काढता, टोपीवरूनच घातले. उलटे. डावा उजवीकडे. पोरगं सांगायला गेलं तर हातानंच गप्प केलं. "हे तुझं थेटरातलं नको. अभंग लाव." अभंग लागला. मामांनी डोळे मिटले. मेथीची पिशवी मांडीवर, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, मान किंचित वर. दुकानात आम्ही सहाजण होतो. एक कॉलेजची मुलगी चार्जर घ्यायला आली होती, तिनं पैसे हातात धरले होते, पण द्यायचे कुणाला? पोरगंही मामांकडं बघत होतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून शिव्या देत होता. कुणी हललं नाही. एक कडवं झालं. दुसरं झालं. मामांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. बोटं एकेक करून मिटायला लागली. काहीतरी मोजत होते.

मग डोळे न उघडताच ओरडले, "टाळ कमी हाईत!"

रिक्षावाल्यानंसुद्धा आत बघितलं.

"पखवाज हाय. पेटी हाय. म्हणणारा हाय. टाळ कमी हाईत! दिंडीत चाळीस टाळ असाय पाहिजेत. हितं बाराच हाईत. बाकीचे अठ्ठावीस कुठं गेले?"

पोरानं त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढले. टोपीही सोबत निघाली, ती परत घातली. "मामा," तो म्हणाला, "तुम्हीबी कान तपासून घ्या."

म्हणजे हा सल्ला तिथं सगळ्यांनाच मिळतो. थोडं बरं वाटलं. मग पुन्हा वाईट वाटलं, कारण माझी गणती चाळीस वर्षं मागावर काढलेल्या माणसात झाली होती.

रात्री पोरीला फोन लावला. तिनं नीट सांगितलं, तेवढा धीर तिच्याकडं आहे. पोराचं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. अंकांचा आवाज करायचं काम हेडफोनमधलीच चिप करते, फोनमधली भारीतली भारी चिप तेव्हा बसून असते. पण तो आवाज तिथवर जातो कसा? फोन आधी गाणं उलगडतो, पुन्हा दाबून बांधतो आणि गाठोडं हवेतून फेकतो. बांधायच्या पद्धती अनेक. एसबीसी, एएसी, ॲपटीएक्स, एलडॅक. कुठली वापरायची हे फोन आणि हेडफोन जोडले जाताना आपसांत ठरवतात. दोघांना येते ती भाषा बोलायची. दुसरी कुठलीच जुळली नाही तर एसबीसी, कारण ती प्रत्येकाला आलीच पाहिजे असा नियमच आहे.

"बेळगावात राहून तुम्हाला हे कळायला वेळ का लागतोय बाबा?" पोरगी म्हणाली.

वेळ नाही लागला. आमच्या सोसायटीत रोज हेच चालतं. कर्जदार शुद्ध कन्नड घेऊन येतो, मी शुद्ध मराठी घेऊन बसलेला असतो, आणि व्यवहार होतो तो "आपका दो हप्ता बाकी है" एवढ्यावर. मराठीही सुंदर, कन्नडही सुंदर, मधली हिंदी मात्र आमची एसबीसी. काम भागतं, टाळ कमी पडतात. ब्लूटूथ हे नावही म्हणे दहाव्या शतकातल्या एका डेन्मार्कच्या राजावरून ठेवलंय, हॅराल्ड ब्लूटूथ, त्यानं मुलूख जोडले म्हणून. जोडले असतील. १९५६ पासूनचं आमचं सीमेचं प्रकरण त्याच्याकडं गेलं नव्हतं. २००४ पासून ते सुप्रीम कोर्टात आहे आणि अजून जोडणी चालूच आहे.

असो. पोरीनं सांगितल्याप्रमाणे मी माझा फोन उघडला, आत कुठंतरी जाऊन बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या. सातव्या टिचकीला फोन म्हणाला, तुम्ही आता डेव्हलपर झाला आहात. सोसायटीत सत्तावीस वर्षं घासली तरी हेडक्लार्कच्या पुढं सरकलो नाही, इथं सात टिचक्यांत डेव्हलपर. तिथल्या यादीत दिसलं की माझा फोन एसबीसीच बोलत होता. एलडॅक त्याला येत होतं, पण सेटिंग बंद होतं. एसबीसी म्हणजे सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट माहिती, एलडॅक ९९० पर्यंत. तिप्पट! शेजारच्यांच्या भाच्याचा लाखाचा आयफोन आणून बघितला, त्याला एलडॅक येतच नाही, तो एएसीवर अडून बसतो. त्या रात्री मी फार सुखात झोपलो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं ते सुख मोडलं. ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी पाठ करून बसलो, फोन तिच्या हातात दिला. मधूनमधून एसबीसीचं एलडॅक, एलडॅकचं एसबीसी कर, म्हटलं, मी ओळखतो. दहा वेळा विचारलं, सहा वेळा बरोबर आलं. "सहा!" मी म्हणालो. "नाणं उडवलं असतं तर पाच आली असती," ती म्हणाली. आणि आठव्या वेळी मी "आता बघ, तानपुरा कसा उघडला" असं म्हणालो होतो, तेव्हा तिनं काही बदललंच नव्हतं. हात शेंगांत होते.

म्हणजे तिप्पट किलोबिट आणि एक गुण जास्त. मग लॅपटॉपवर विहीर कुठून आली?

ती विहीर शोधायला मला आणखी तीन दिवस लागले, आणि ती निघाली सोसायटीच्या शाखांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये. मीटिंग संपली तरी तिची खिडकी मागं उघडीच राहत होती आणि माईक धरून बसत होती. हेडफोनचा माईक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून फोनवर बोलायची वाट धरतं. गाण्याच्या वाटेवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, बोलायच्या वाटेवर बऱ्याचदा ८,००० किंवा १६,०००. दोन्ही कानांत एकच आवाज, वरचे सूर कापलेले. लॅपटॉपच्या यादीत माझा एकच हेडफोन दोन नावांनी दिसत होता, एक स्टिरिओ, एक हँड्सफ्री. मी महिनाभर कुमार गंधर्वांना कर्जवसुलीच्या फोनवर ऐकत होतो! खिडकी बंद केली आणि कुमारजी विहिरीतून वर आले.

तर मी बरोबर होतो. कशाला जोडता त्यावर आवाज बदलतो. फोनची किंमत बघून नाही, तर कुठली भाषा बोलतो आणि माईक कुणी धरून ठेवलाय यावर. आणि हे सगळं मला कुणी सांगायला हवं होतं? त्या पोरानं. दुकान त्याचं आहे. पूर्वी फोनला गोल भोक होतं, वायर खुपसली की गाणं चालू, कुठल्याही भाषेचा प्रश्न नव्हता. ते भोक यांनी बुजवलं, पाच आकडी बिलाचे हेडफोन गळ्यात मारले, आणि आवाज बिघडला तर कान तपासा. गिऱ्हाइकाचे कान म्हणजे तुमचं सर्व्हिस सेंटर काय?

काल मी भाषण तयार करून पुन्हा खडे बाजारात गेलो. आठ हजार, चव्वेचाळीस हजार, सगळे आकडे पाठ. पोरगं नव्हतं. गल्ल्यावर नवीनच माणूस, चाळिशीचा, बैलहोंगलकडचा असावा. त्याला मराठी येईना. मी सुरुवात केली आणि माझी कन्नड दुसऱ्या वाक्याला संपली. हिंदीत गेलो, तर तो तिथं माझ्याहून मागं. शेवटी जेवढं उरलं तेवढं बोललो. हेडफोनकडं बोट दाखवून म्हणालो, "हेडफोन छलो ऐत." मग स्वतःच्या कानाकडं बोट दाखवून, जरा जोरातच, "किवी. किवीबी छलो ऐत!"

किवी म्हणजे कान, छलो ऐत म्हणजे चांगलं आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं. फार मायेनं बघितलं, ते अजून जास्त लागलं. मग काउंटरबाहेर आला, माझ्या कोपराला धरून रस्त्यापर्यंत आणलं आणि हात लांब करून दाखवलं.

"किवी दवाखानी मुंद ऐत री."

पुढं आहे म्हणाला.